एक्कावन्नातला एक

दक्षिण इंग्लंडात नोव्हेंबर लागला की काही माणसं रात्री-अपरात्री पडदा सारून रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाकडे बघायला लागतात. ती चोर नसतात आणि पोलिसही नसतात. घराचं कर्ज फेडून मोकळी झालेली, बागेत ट्यूलिपचे कंद लावणारी, चांगली सरळमार्गी माणसं असतात. पडणारा बर्फ अंधारात दिसत नाही, दिव्याच्या उजेडात दिसतो, म्हणून ही टेहळणी. उजेडात बहुधा पाऊस दिसतो. मग पडदा ओढून ती झोपतात आणि तासाभराने, तेवढ्यात काही फरक पडला असेल तर पाहावं म्हणून, पुन्हा उठतात.

आम्ही रेडिंगला राहतो, आणि आमच्या शेजारी अशा माणसांतले एक आजोबा राहतात. समोरासमोर मी त्यांना नुसत्या नावाने हाक मारतो, कारण इथली रीत तशी आहे. पण पंच्याहत्तरीच्या माणसाला एकेरीत हाक मारताना जीभ अडखळते, तेव्हा इथे तरी आजोबाच म्हणू द्या. आयुष्यभर विमा कंपनीत नोकरी केली. लोकांच्या घराला आग लागण्याची शक्यता किती, हे ते थंड डोक्याने सांगत. बर्फाची शक्यता मात्र त्यांना थंड डोक्याने कधीच काढता आलेली नाही.

त्यांच्या परसात चार पायांवर उभी असलेली, झडपांची पांढरी लाकडी पेटी आहे. नव्या माणसाला ती कबुतरांची सोय वाटते. ती आहे स्टीव्हन्सन स्क्रीन. ऊन आणि पाऊस थेट लागू नये, पण हवा मात्र खेळती राहावी, अशा बेताने तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर ठेवण्याची ही व्यवस्था थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश अभियंत्याने केली. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे त्यांचे चिरंजीव. मुलाच्या बेटावरचा खजिना एकदा सापडला की संपला. वडिलांच्या पेटीतला खजिना आजोबा रोज सकाळी नऊच्या ठोक्याला उघडतात. आत आठ अंश असतात. ते वहीत लिहितात, दार लावतात आणि आत जाऊन संगणकापुढे बसतात. काल पण आठच होते.

हे असं का, याचं उत्तर त्यांना तोंडपाठ आहे, आणि गंमत तिथेच आहे. अज्ञानातून आशा बाळगणारी माणसं आपण पुष्कळ पाहतो. इथे सगळं ज्ञान असून आशा आहे. नकाशावर पाहिलं तर कॅनडातलं कॅल्गरी लंडनच्या किंचित दक्षिणेला आहे आणि मंगोलियाचं उलानबातर तर चांगलंच दक्षिणेला. त्या गावांत हिवाळ्यात पापण्या गोठतात आणि इथे जानेवारीत एखादा गुलाब निर्लज्जासारखा फुललेला असतो. कारण इथला वारा मुख्यतः पश्चिमेकडून, अटलांटिक महासागरावरून येतो आणि समुद्राची ऊब घेऊन येतो. बर्फ हवा तर वारा फिरून पूर्वेकडून, रशियाच्या बाजूने आला पाहिजे. तसा तो आलाच तर बहुधा कोरडा येतो: कडाका भरपूर, आकाश निळंभोर, बर्फाचा पत्ता नाही. ढग हवेत म्हणून अटलांटिकवरच्या कमी दाबाच्या पट्ट्याची वाट पाहावी, तर तो ढगांबरोबर आपली ऊबही आणतो आणि चार अंशांत पाऊस पाडून निघून जातो. थंडी असते तेव्हा ढग नसतात, ढग येतात तेव्हा थंडी पळालेली असते. दोघांची गाठ पडावी लागते, तीही रात्री, आणि तीही आपल्या घरावर. हे सगळं मला आजोबांनीच समजावून दिलं. सांगून झाल्यावर म्हणाले, "पण पुढच्या आठवड्यात मंगळवारी बघ."

पूर्वीचं बरं होतं. टीव्हीवर संध्याकाळी एक सद्गृहस्थ येऊन सांगत, पाऊस पडेल. विषय संपला. मग १९६३ साली एडवर्ड लॉरेन्झ यांनी दाखवून दिलं की सुरुवातीच्या मोजमापात केसाएवढा फरक असला तरी काही दिवसांनी हवामानाचं चित्र पार बदलू शकतं. शास्त्रज्ञांनी यातून धडा घेतला की एकच अंदाज देऊ नये. सुरुवात किंचित किंचित बदलून अनेक अंदाज काढावेत. १९९२च्या अखेरीपासून हे नेमाने होऊ लागलं. युरोपीय देशांनी मिळून चालवलेलं जे मध्यम पल्ल्याचं अंदाज केंद्र आहे, त्याचं मुख्यालय आमच्याच रेडिंगात आहे. (त्याचे महासंगणक अलीकडे इटलीत बोलोन्याला हलवले. आजोबांना तेव्हापासून संशय आहे.) हे केंद्र दर वेळी एक नाही, दोन नाही, एक्कावन्न अंदाज काढतं. एक्कावन्न रेघा एका आलेखावर. हेतू हा की अनिश्चितता किती आहे ते कळावं.

पण शास्त्रज्ञांच्या लक्षात एक गोष्ट आली नाही. त्यांनी अनिश्चितता मोजण्याचं यंत्र बनवलं आणि लोकांनी ते आशा पुरवण्याच्या कामाला लावलं. पन्नास रेघा म्हणतात, ऊब आणि पाऊस. एक रेघ मात्र पुढच्या शुक्रवारी कड्यावरून उडी टाकावी तशी खाली जाते. आजोबांचं बोट नेमकं त्या रेघेवर असतं. "पन्नास जण चुकू शकतात," ते म्हणतात. विमा कंपनीत त्यांनी असा हिशेब केला असता तर कंपनी आठवड्यात बुडाली असती.

मराठी माणसाला हे कळायला जड जाऊ नये. ज्येष्ठ सरत आला की आपल्याकडे पंचांग काढून बघतात, मृगाचं वाहन काय, आर्द्रेचं काय. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला की घर खूश, कोल्हा निघाला की चेहरे उतरले. पण आपल्या पंचांगात नक्षत्राला वाहन एकच. कोल्हा तर कोल्हा, भोगा. आजोबांच्या पंचांगात प्रत्येक नक्षत्राला एक्कावन्न वाहनं आहेत, दिवसातून अनेकदा बदलतात, आणि त्यांत एखादा तरी हत्ती असतोच.

शिवाय अमेरिकेचं वेगळं पंचांग. त्यांचं मॉडेल दिवसातून चारदा नवा अंदाज काढतं, आणि त्यातला शेवटचा इथल्या घड्याळाप्रमाणे रात्री साडेनऊ ते अकराच्या सुमारास उलगडत जातो. ही पबची गर्दी ओसरण्याची वेळ, म्हणून या मंडळींत त्याला 'पब रन' म्हणतात. इतर तीन फेऱ्यांनी पाण्यात घातलेला बर्फ ही फेरी हमखास परत देते, अशी तिची ख्याती. शास्त्राच्या दृष्टीने चारही फेऱ्या सारख्या. पण रात्री साडेदहाला, दोन पेले पोटात गेल्यावर, शास्त्राचं कोण ऐकतो? पहाटेची फेरी येते आणि बर्फ नाहीसा होतो. त्याला 'डाउनग्रेड' म्हणायचं. संध्याकाळी तो परत येतो, त्याला 'अपग्रेड'. आठवड्यापलीकडच्या नकाशांना 'फॅन्टसी आयलंड' हे नाव याच मंडळींनी ठेवलंय. स्वप्नांचं बेट हे माहीत आहे, आणि सगळ्यांचा मुक्काम तिथेच.

दहा दिवसांच्या आतही काही दिसेना झालं, की आजोबा मान वर करतात. चांगली तीस किलोमीटर वर. हिवाळ्यात उत्तर ध्रुवावर उंच आकाशात थंड हवेचा एक प्रचंड भोवरा फिरत असतो. कधी कधी तिथलं तापमान काही दिवसांत तब्बल पन्नास अंशांनीही चढतं, भोवरा मोडतो, आणि मग दोनेक आठवड्यांनी खाली पूर्वेचे वारे सुटण्याचा संभव असतो. १९५२ साली बर्लिनमध्ये रिचर्ड शेरहाग यांना हे प्रथम दिसलं. २०१८च्या फेब्रुवारीत असा भोवरा फुटला आणि महिनाअखेरीस सायबेरियाकडून आलेल्या थंडीने ब्रिटन गोठून गेलं. वर्तमानपत्रांनी तिला 'बीस्ट फ्रॉम द ईस्ट' म्हटलं. तेव्हापासून आजोबा दर डिसेंबरात भोवऱ्याच्या तब्येतीची विचारपूस करतात. "कसा आहे?" मी कुंपणावरून विचारतो. "दुर्दैवाने ठणठणीत," ते सांगतात. थंडी मिळावी म्हणून आकाशात उष्णता वाढावी, अशी प्रार्थना करणारी जमात जगात दुसरी नसावी.

या रोगाचं मूळ शोधायला फार लांब जावं लागत नाही. १९६२ साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी दक्षिण इंग्लंडात बर्फ पडायला लागला आणि पुढच्या मार्चच्या सुरुवातीपर्यंत तो हलला नाही. १७४० नंतरचा इतका थंड हिवाळा तोच. ऑक्सफर्डला गोठलेल्या थेम्सवरून एकाने मोटार चालवली. आजोबा तेव्हा बारा वर्षांचे होते. बाराव्या वर्षी जे दिसतं ते माणूस जन्मभर 'नेहमीचं' समजतो. त्यानंतरची साठ वर्षं त्यांच्या लेखी अपवाद आहेत.

आणि सबंध देशाच्या डोक्यात पांढरा नाताळ भरवला तो चार्ल्स डिकन्स यांनी, असं म्हणतात. १८१२ला जन्मलेल्या या माणसाचं बालपण ज्या दशकात गेलं ते फार थंड होतं. १८१४च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये थेम्स गोठली, तिच्यावर जत्रा भरली आणि ब्लॅकफ्रायर्स पुलाजवळ बर्फावरून हत्ती चालवत नेला, असं सांगतात. एवढं भक्कम वाहन लाभलं की कोणाचीही श्रद्धा बसेल. पण ती शेवटचीच जत्रा. पुढे जुना लंडन ब्रिज पाडला, त्याच्या अरुंद कमानींनी अडलेलं पाणी मोकळं वाहू लागलं, आणि शहरातली थेम्स पुन्हा तशी गोठली नाही. त्याआधी १७५२ साली सरकारने पंचांग सुधारताना अकरा दिवस गाळले, त्यामुळे नाताळ ऋतूच्या मानाने अकरा दिवस अलीकडे सरकला आणि खऱ्या थंडीपासून आणखी दूर गेला. नाताळात बर्फ नाही, याला निदान अकरा दिवसांपुरतं पार्लमेंट जबाबदार आहे, हे आजोबांचं ठाम मत. इथे जानेवारी-फेब्रुवारीत बर्फाची शक्यता डिसेंबरपेक्षा जास्त असते. पण शुभेच्छापत्रांवर हे कोण छापणार?

पांढऱ्या नाताळची सरकारी व्याख्याही मोठी उदार आहे. २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत ब्रिटनमध्ये कुठेही बर्फाचा एक कण पडताना दिसला की झालं. एक कण. तोही शेटलंडच्या एखाद्या खडकावर पडला तरी चालेल, फक्त हवामान खात्याच्या निरीक्षकाने किंवा यंत्राने तो टिपलेला हवा. या व्याख्येने निम्म्याहून जास्त नाताळ पांढरे ठरतात. जमिनीवर देशभर पसरलेला बर्फ म्हणाल, तर १९६० नंतर असा नाताळ चारदाच आला: १९८१, १९९५, २००९ आणि २०१०. तरीही लोक बुकीकडे जाऊन पैजा लावतात. आजोबा लावतात, रेडिंगवर दहा पौंड, दर वर्षी.

अशाच एका डिसेंबरात आमची वाईची आत्या आली. इंग्लंड म्हणजे बर्फ, अशी तिची पक्की समजूत. दोन माकडटोप्या, हातमोजे, आणि फोटोसाठी एक लाल शाल, कारण पांढऱ्यावर लाल उठून दिसतं. आठवडाभर आठ अंश आणि रिपरिप पाहिल्यावर तिने मला फैलावर घेतलं.

"अरे, महाबळेश्वरला पडतो दर वर्षी. पेपरात येतं, वेण्णा लेकला हिमकण म्हणून. आणि तुझ्या विलायतेला नाही?"

"आत्या, तो बर्फ पडत नाही. दव गोठतं. आकाश निरभ्र असलं की पहाटे जमीन एकदम गार होते आणि…"

"पांढरं होतं ना?"

"होतं."

"झालं तर मग."

हवामान खात्याची व्याख्या आणि आत्याची व्याख्या, दोन्ही सारख्याच दिलदार. तिची आणि आजोबांची ओळख करून द्यायची माझ्यावर वेळच आली नाही. नाताळच्या रात्री अकरा वाजता परसात बॅटरीचा उजेड हलताना दिसला म्हणून ती मला घेऊन बाहेर आली, तर कुंपणापलीकडे आजोबा. अंगात गाऊन, वर काळा ओव्हरकोट, पायांत बागेतले रबरी बूट. पेटीचं दार उघडं. आत दीड अंश. "दवबिंदू तापमान शून्याच्या जवळ आहे," ते कुजबुजले, जणू मोठ्याने बोललं तर ते वर सरकेल. पाऊस लागला होता आणि तो जोराचा व्हावा अशी त्यांची धडपड होती. जोराचा पाऊस पडताना वरची गार हवा खाली ओढून आणतो, थेंबांच्या बाष्पीभवनानेही हवा गारते, आणि कधी कधी त्या एका अंशाचं काम होऊन जातं. त्यांनी काळी बाही पुढे धरली आणि तिच्यावर बॅटरी मारली. काळ्या कापडावर कण आहे की थेंब ते लगेच कळतं, ही या लोकांची जुनी युक्ती.

आत्याने विचारलं, "काय हरवलंय यांचं?"

एवढ्यात बाहीवर काहीतरी टेकलं. पांढरं होतं. कडा अर्धवट विरघळलेल्या, आकार साबुदाण्याएवढा. आजोबांनी श्वास रोखला. आत्या माकडटोपी सावरत वाकली. तिने मराठीत आणि त्यांनी इंग्रजीत एकदमच "आला!" म्हटलं, आणि दोघांनाही एकमेकांचं बरोबर कळलं. मग आणखी चार-पाच आले, पाण्यात भिजलेले, आणि त्यांच्यामागून नुसता पाऊस. सगळा सोहळा तीन मिनिटांचा.

"यापेक्षा माझ्या फ्रीजरात जास्त असतो," आत्या म्हणाली आणि आत गेली.

आजोबा हरखले होते. पण नियम म्हणजे नियम: त्यांची पेटी सरकारी नाही, त्यांची बाहीही सरकारी नाही. पैजेचे दहा पौंड गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीत नोंद मात्र केली, लाल शाईने.

बरं, कधीमधी खरोखरच पडतो, तेव्हा काय होतं? २ फेब्रुवारी २००९ला लंडनमध्ये इतका पडला की शहरातल्या सगळ्या बस बंद ठेवाव्या लागल्या. १९९१ साली रेल्वे कोलमडली तेव्हा खुलासा आला की बारीक भुकटीसारखा बर्फ इंजिनांच्या मोटारींत शिरला. वर्तमानपत्रांनी त्याचं 'चुकीच्या जातीचा बर्फ' करून टाकलं आणि रेल्वे आजही ते ऐकून घेते. चार सेंटिमीटरचा इशारा आला की दुकानांतलं दूध आणि पाव संपतात, शाळांना सुट्टी मिळते, मिठाच्या गाड्या रस्त्यावर येतात. आणि आजोबा? ते मोजपट्टी घेऊन बाहेर पडतात. त्यांच्याकडे दीड सेंटिमीटर भरतो. मग गावाबाहेर टेकडीवर राहणाऱ्या, याच नादातल्या मित्राला फोन लावतात. त्याच्याकडे चार. त्या दिवशी आजोबा कोणाशी धड बोलत नाहीत. देशात बर्फ पडावा ही वरवरची इच्छा असते हो. खरी इच्छा असते ती माझ्याकडे पडावा आणि टेकडीवर कमी पडावा, ही.

अलीकडे हिवाळे आणखी उबदार होत चाललेत, हे आजोबांच्या वह्याच सांगतात, आणि ते नाकारत नाहीत. पण कोणी फारच शास्त्र पाजळायला लागलं की ते आपलं ब्रह्मास्त्र काढतात: २ जून १९७५, बक्स्टन. काउंटी अजिंक्यपद स्पर्धा, डर्बीशर विरुद्ध लँकेशर. लँकेशर म्हणजे आपल्या फारुख इंजिनिअर यांचा त्या काळचा संघ. शनिवारी क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद १६७ ठोकल्या, लँकेशरच्या पाच बाद ४७७ झाल्या. रविवारी सुट्टी. सोमवारी खेळाडू मैदानावर आले तर खेळपट्टी पांढरी. जून महिन्यात. पंच डिकी बर्ड यांना बर्फामुळे खेळ थांबवावा लागला. मंगळवारी ऊन पडलं, आणि त्या भिजून सुकणाऱ्या खेळपट्टीवर डर्बीशर ४२ आणि ८७ धावांत दोनदा गुंडाळलं गेलं. यावर काय बोलणार? ज्या देशात जूनमध्ये बर्फाने सामना बंद पडलाय, तिथे जानेवारीत आशा सोडायची कशाला?

तेव्हा नाताळच्या सुट्टीत लंडनला बर्फ बघायला यायचा बेत करत असाल, तर आत्याचं ऐका: त्या पैशात मनालीला जा, आणि तरीही यायचंच असेल तर माकडटोपी घरी ठेवा, छत्री आणा.